खुर्चीवरून उठताना काहीही दाबू नये

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीवर मी गेली बारा वर्षे हिशेब लिहितो आणि दिवसातून निदान चार वेळा चहासाठी उठतो. एवढ्या अनुभवानंतर वाचकांना एक सल्ला देण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे, असे मी समजतो. जागेवरून उठताना आपण संगणकाचा पडदा आहे तसाच उघडा सोडावा. तो लॉक करण्याचे नाना उपाय हल्लीची मुले सांगत असतात. त्यांचे बोलणे कौतुकाने ऐकून घ्यावे आणि चहाला निघावे.

मुख्य प्रश्न श्रमांचा आहे. विंडोजच्या संगणकावर, खिडकीचे चिन्ह असलेले बटण दाबून धरायचे आणि एल दाबायचे, की त्याच क्षणी पडदा लॉक होतो. ही सोय २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून आहे, म्हणजे ती शिकून घ्यायला आपल्याला वीस वर्षांहून अधिक अवधी मिळाला आणि आपण तो वाया जाऊ दिला नाही, चहा घेतला. शिवाय ते चिन्हाचे बटण डावीकडे खाली आणि एल उजवीकडे, त्यामुळे बहुधा दोन्ही हात लागतात. ज्याच्या एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात तंबाखूची डबी आहे, त्या गृहस्थाने काय करावे, याचा विचार या व्यवस्थेत कोणी केलेला दिसत नाही. ज्यांना दोन बटणे कमी वाटतात त्यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबून समोर येणाऱ्या यादीतून 'लॉक' निवडावे, अशीही तरतूद आहे. मालकांचे चिरंजीव पुण्याहून मॅक घेऊन येतात. त्यावर कंट्रोल, कमांड आणि क्यू अशी तीन बटणे लागतात आणि त्यांतले कंट्रोल राहून गेले तर पडदा लॉक न होता समोरचा प्रोग्रामच बंद होतो. इतक्या जोखमीच्या वाटेला शहाण्याने जाऊ नये.

लॉक केल्यावर चालू काम बंद पडते, ही आमच्या पेढीवरची फार जुनी आणि फार उपयोगी समजूत आहे. वस्तुतः टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये अर्धवट भरलेले व्हाउचर तसेच राहते, प्रिंटरवर सोडलेल्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या विक्रीचे हिशेब, छापल्या जातच राहतात आणि पासवर्ड टाकताच सगळे होते त्या जागी सापडते. परंतु ही माहिती आपण बाहेर जाऊ देऊ नये, कारण मग सबब म्हणून सांगायला फारसे काही उरत नाही.

अगदीच मन खात असेल, तर आमच्या मोठ्या दिवाणजींची रीत अनुसरावी. ते उठताना मॉनिटरचे बटण दाबतात. हिरवा दिवा विझतो, पडदा काळा होतो आणि दिवाणजी तिजोरी लावल्याच्या समाधानाने बाहेर पडतात. तेच बटण दुसऱ्या कोणी पुन्हा दाबले, की दिवाणजींनी जिथे बोट ठेवले होते त्याच ओळीवर खाते उघडे असते. काही मिनिटांनी पडदा आपोआप लॉक व्हावा, अशी व्यवस्था संगणकात होती. परंतु वारंवार पासवर्ड टाकावा लागतो म्हणून ती आम्ही एकमताने 'कधीच नाही' वर नेऊन ठेवली आहे.

येथे आमच्या गावाच्या परंपरेचा उल्लेख करणे भाग आहे. हळद पेवात ठेवायची, तर जमिनीत खोल खड्डा करून, तो भरून, तोंड मातीने लिंपून टाकण्याची रीत सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांमुळे सर्वांना ठाऊक आहे. बाजारात एके काळी भाव ठरायचा तोही रुमालाखाली, बोटे दाबून, शेजाऱ्याला कळू नये म्हणून. माल मातीखाली आणि भाव रुमालाखाली ठेवणाऱ्या या व्यवसायात, त्या दोहोंचा संपूर्ण हिशेब मात्र एकवीस इंची पडद्यावर, तोही बाकावर बसलेल्या मंडळींच्या सोयीसाठी त्यांच्याकडे वळवून ठेवावा, यातच खरी प्रगती आहे.

गेल्या हंगामातील गोष्ट सांगतो. सौदे आटोपले होते आणि पट्टी घेण्यासाठी एक शेतकरी माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसले होते. मी नुकतेच त्यांच्याच भावकीतील एकांचे खाते उघडले होते. वजन, दर, तोलाई, हमाली आणि शेवटी ठळक अक्षरांत उचल. तेवढ्यात चहाची हाक आली. खिडकीतला उजेड पडू नये म्हणून पडदा मीच बाकाच्या दिशेने वळवलेला होता. मी परतलो तेव्हा ते चष्मा पुसत होते.

"दिवाणजी," ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, "आमच्या अण्णांनी तीन लाख उचलल्यात व्हय? मला तर म्हणत हुतं, एक दमडीबी घेतली न्हाई."

पट्टी घेऊन ते गेले. दिवेलागणीपर्यंत तो आकडा गावच्या पारावर पोहोचला, आणि आठवडा उलटायच्या आत अण्णांनी आपले खाते शेजारच्या पेढीत नेले. जाताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी अजून कोणत्याही खात्यात टाकू शकलेलो नाही.

चिरंजीवांनी यावर तोडगा काढला. विंडोजला ब्लूटूथवर मोबाईल जोडून ठेवला, की मोबाईल घेऊन मनुष्य दूर गेल्यावर पडदा आपोआप लॉक होतो, अशी सोय २०१७ पासून आहे. आमच्यापैकी प्रत्येकाच्या मोबाईलला बोटाचा ठसा, वर नक्षीचे कुलूप आणि फोटोंना आणखी वेगळे कुलूप असते, तो न्हाणीघरातही सोबत येतो. त्यामुळे ही योजना आम्हाला साजेशी होती. परंतु मोबाईल लांब गेल्यावर संगणकाला ते उमजून पडदा बंद व्हायला मिनिटभर लागू शकतो, आणि तीन लाखांचा आकडा वाचायला भावकीतील माणसाला मिनिटही लागत नाही. शिवाय चहाची टपरी आमच्या भिंतीला लागूनच आहे, तेव्हा संगणकाच्या मते आम्ही कोठे गेलेलोच नसतो.

अखेर मालकांनी स्वतः लक्ष घातले. हिशेबाच्या खोलीला त्यांनी सात लिव्हरचे भक्कम कुलूप बसवून घेतले आहे. किल्ली सर्वांना वेळेवर सापडावी म्हणून ती माझ्या कीबोर्डखाली, पासवर्डच्या चिठ्ठीशेजारी ठेवलेली असते.