मीठ सोडून सगळं घरचं

चूक माझीच. गणपतीत पुण्याला मेहुण्यांकडे जेवायला गेलो होतो. भाजीचा पहिला घास घेतला, चेहरा जरा कडू केला आणि म्हणालो, "फवारणीची चव लागते हो." गरज नव्हती. भाजी उत्तम होती. पण दोन वर्षं नैसर्गिक शेती केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरी नुसतं जेवून उठता येत नाही.

मेहुणे शांत माणूस. वाटीतलं वरण संपवून म्हणाले, "मग तुमच्याकडे कधी बोलावताय?"

"तुळशीचं लग्न लागलं की या. मीठ सोडून सगळं घरचं वाढतो. इंद्रायणीचा भात, तुरीचं वरण, त्यावर घरचं तूप, भरली वांगी, अंड्यांचा रस्सा आणि ताक."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. बँकेत बुडीत कर्जाच्या फायलीकडे मी असाच पाहायचो.

आमचं गाव भोर तालुक्यात, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. सातबाऱ्यावर अठरा नावं, त्यातून वाटणी होऊन माझ्या वाट्याला आले वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी २०२३ च्या मे महिन्यात इथे राहायला आलो. येताना डोक्यात जपानचे मासानोबू फुकुओका होते. शिकोकू बेटावरच्या या गृहस्थांनी नांगरणी नाही, खत नाही, खुरपणी नाही, फवारणी नाही अशी शेती करून दाखवली. काहीही न करण्याची शेती! बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे वाचून केवढा धीर येतो. काहीही न करण्याचा मला अनुभवही होता.

फक्त काहीही न करण्यासाठी पहाटे पावणेपाचला उठावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुपाचं घ्या. तुपासाठी गाय हवी, म्हणून गावठी गाय आणली. दलालाने 'चार महिन्यांची गाभण' म्हणून दिली. गाय नऊ महिन्यांनी विते, म्हणजे आणखी पाच महिन्यांत घरात दूधच दूध, असा हिशेब मी मनात मांडला. महिन्याने डॉक्टरांनी तपासलं आणि हातमोजा काढत म्हणाले, "रिकामी आहे." कपिला अजूनही रिकामीच आहे. दोनदा भरवून झाली. तिला आई होण्याची घाई नाही. दिवसाला पाच पेंढ्या खाते आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघते.

तरी मी नाउमेद झालो नाही, कारण जीवामृताला, म्हणजे मातीतले जिवाणू वाढवणाऱ्या पातळ खताला, दूध लागत नाही. नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते पद्मश्री सुभाष पाळेकर यांनी सांगितलेली कृती गावोगाव पोचली आहे: एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. मला याच्या निम्मं पुरतं. शेणाची अडचण नाही, ते कपिला मागाल तिथे आणि न मागाल तिथेही देते. गूळ-बेसन दुकानात मिळतं. अडतं ते गोमूत्रापाशी.

कृतीत 'गोमूत्र' असं लिहून पुढे आकडा टाकतात, जसं काही ते नळाला येतं.

मी हातात मग घेऊन गोठ्यात उभा राहतो. कपिला रवंथ करत असते. दहा मिनिटं, वीस मिनिटं. ती शेपटी उचलते. मी झेप घेतो. तिने माशी हाकललेली असते. मी मागे सरतो. पुन्हा शेपटी वर, पुन्हा झेप, आणि येतं ते शेण. तेही कृतीत आहे, पण मगमध्ये नाही. मग मी कंटाळून खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसतो. तेवढ्या दोन सेकंदांत मागे धबधबा सुरू होतो आणि मी वळेपर्यंत शेवटचे चार थेंब उरतात. हे मी एक दिवस नाही, पंधरा दिवस केलं. गोठा रस्त्याला लागून आहे. शाळेत जाणारी पोरं कुंपणाशी थांबायची.

"काका, काय करताय?"

"वाट बघतोय."

"एसटीची?"

शेवटी शेजारच्या आत्याबाईंना दया आली. त्यांचं वय त्यांनाही माहीत नाही. माझ्या वडिलांना त्या 'अरे' म्हणायच्या, एवढ्यावरून अंदाज बांधायचा. "आरं, ती उठल्या उठल्या सोडती," त्या म्हणाल्या, "आन तू च्या पिऊन येतोस." मग माझ्या हातातला मग घेऊन त्यांनी कपिलेच्या शेपटीखाली दोन बोटांनी हळूच चोळलं. मग काठोकाठ भरला. इतक्या सहजतेने मला पगारही कधी मिळाला नव्हता. ती विद्या मी त्यांच्यापुढे उभा राहून शिकलो. पण माझ्या बोटांना कपिला गुदगुल्या झाल्यासारखी लाथ घालते. म्हणून पावणेपाचचा गजर, आणि ती उठायच्या आत मी हजर. बँकेच्या मस्टरवर माझी सही कधी दहा दहाच्या आधी झाली नाही, हे जुन्या सहकाऱ्यांना कळवू नये.

पंधरा दिवसांतून एकदा जीवामृताचं पिंप भरायचं. घरात गूळ-बेसनाचे दोन डबे वेगळे, त्यावर बायकोने कागद चिकटवलाय: 'जिवाणूंचं. हात लावू नये.' श्रावणापासून आमच्याकडे भजी झाली नव्हती.

अंड्यांबद्दल मात्र मला खात्री होती. आठवडी बाजारातून बारा तलंगा आणल्या, चारशेला एक. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. महिन्याभरात बारांपैकी पाच तलंगांनी माना ताणून बांग दिली. विकणाऱ्याला दोष देत नाही, त्या वयात आपल्यालाही स्वतःबद्दल फार काही सांगता येत नसतं. त्यातला सुभेदार नावाचा कोंबडा पहाटे तीन वीसला ओरडतो. उजाडायचं असो वा नसो. राहिल्या सात. त्यांना मानमोडीची लस टोचून घेतली, रात्रीसाठी चौदा हजारांचं जाळीबंद खुराडं केलं. बिबट्या आला तरी शिरणार नाही असं खुराडं. मुंगूस भर दुपारी आलं. रात्रीच्या पहारेकऱ्याचा त्याला काय उपयोग? राहिल्या पाच.

त्या पाचजणींनी चार महिन्यांत मला नऊ अंडी दिली. जुनी सवय म्हणून हिशेब मांडला: खुराडं १४,००० रुपये, पक्षी ४,८००, धान्य-भरडा २,६००. एकूण २१,४००. भागिले नऊ. एक अंडं जवळजवळ २,३७८ रुपयांना पडलं. त्या दिवशी बायकोने हाफ फ्राय केलं होतं. मी पिवळं बशीला लागू दिलं नाही.

मग कळलं की अंडी नऊच नव्हती. त्या खुराड्यात घालतच नव्हत्या. चौदा हजारांच्या घरात झोपायचं आणि अंडं मात्र भाताच्या काडाच्या गंजीत, गोणपाटामागे, एकदा तर माझ्या गमबुटात. मेहुणे यायच्या दहा दिवस आधी मला गंजीमागे खजिना सापडला. अकरा अंडी! मी हात घातला आणि मनगटावर टोच बसली. लाल कोंबडी पिसं फुलवून अंड्यांवर बसली होती. खुडूक झाली होती. खुडूक कोंबडी म्हणजे सरकारी जागेवरचं अतिक्रमण, हलत नाही. आत्याबाई म्हणाल्या, पाण्यात बुचकाळ, उतरंल खुळ. पण त्याआधी रात्री एक अंडं बॅटरीच्या उजेडापुढे धरून बघ.

धरलं. आत लाल शिरांचं नाजूक जाळं होतं आणि मधे एक ठिपका थरथरत होता.

"एकवीस दिवसांनी पिल्लं," मी बायकोला म्हणालो. "पण रस्सा?"

"आता तो रस्सा नाही राहिला," ती म्हणाली, "ते कुटुंब झालं."

वांग्यांची कथा लांबवत नाही, कारण ती घडायलाच अकरा मिनिटं लागली. लेंडीखतासाठी मी उस्मानाबादी शेळी आणली होती. काळीभोर, कान लोंबते, वागणं एखाद्या घरंदाज बाईसारखं. वांग्यावर मावा आला म्हणून मी दशपर्णी अर्काची तयारी केली. कडुनिंब, करंज, निरगुडी, सीताफळ, पपई, एरंड असा पाला हिंडून हिंडून गोळा केला आणि ओट्यावर पसरला. हा पाला महिनाभर कुजवला की त्याच्या वासाने किडे पळतात. शेळी कडुनिंबाच्या ढिगाशी आली, हुंगलं आणि तिने तो चवीने संपवला. कण्हेर आणि धोतरा मी घाईघाईने उचलला, ते जनावराला खरोखर विषारी. त्यांना वाचवायच्या धावपळीत दाव्याची गाठ नीट बसली नाही, आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. पुण्याच्या मित्राचा फोन. "तुझं बरंय रे, शांत आयुष्य!" तो म्हणत होता. मी अकरा मिनिटं त्या शांततेचं वर्णन करत होतो. वळून पाहिलं तर बावीस रोपांची बावीस खुंटं राहिली होती. मावाही गेला होता, हे कबूल करायला हवं. शेळी अडुळसा तेवढा सोडते म्हणतात. पण भरला अडुळसा वाढणार कसा?

तुरीबद्दल आत्याबाईंनीच विचारलं. "वरान कशाचं करनार?"

"बांधावरच्या तुरीचं."

"आरं, ती आता फुलात हाय. तूर हाताला येती संक्रांतीला. तू जेवान घातलंस तुळशीच्या लग्नाला." थोडं थांबून म्हणाल्या, "आन वानरांनी ठिवली तर."

भात तेवढा मिळाला. चार गुंठ्यांत नव्वद किलो, गिरणीतून तांदूळ अठ्ठावन्न किलो. मळ्यातला चिखल, लावणी, कापणी, झोडणी सगळं आत्याबाईंच्या घरच्यांनी केलं. मी बांधावर उभा राहून फोटो काढले आणि रात्री रानडुकरांसाठी पत्र्याचा डबा वाजवला. डुकरं आली नाहीत, सुभेदार मात्र दीड वाजताच सुरू झाला.

तर ताटात भात. बाकी ताट रिकामं, आणि मेहुणे रविवारी साडेबाराला गाडीतून उतरले. येताना डिकीत कापडी पिशव्या. भाजी न्यायला. एक, दोन नाही, सहा.

मी त्यांना शेत दाखवलं. खुंटं दाखवली, त्याला मी 'विश्रांती दिलेला वाफा' म्हणालो. कपिलेशी ओळख करून दिली. खुडूक कोंबडीजवळ ते जरा जास्तच वाकले आणि त्यांनाही टोच मिळाली. निदान काहीतरी घरचं मिळालं.

या सगळ्या वेळात बायको स्वयंपाकघरात काय करतेय हे मला माहीत नव्हतं. विचारायची हिंमतही नव्हती. पानं मांडली. वाफेचा इंद्रायणीचा भात आला, सगळ्या घराला वास सुटला. आत्याबाईंच्या गाईच्या ताकाचा तांब्या आला. आणि मग परातभर अळूवड्या आल्या. बाहेरून खुसखुशीत, आत थरावर थर, वर तीळ.

आमच्या मोरीच्या पाण्यावर अळू उगवतं. ते कुणी लावलं नाही. जीवामृत घातलं नाही. खाजतं म्हणून शेळीने तोंड लावलं नाही, वानरांना आवडत नाही, मुंगसाला कळत नाही. दोन वर्षांत मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्या कोपऱ्यात फुकुओकांची शेती बिनबोभाट चालू होती. चिंच बांधावरच्या जुन्या झाडाची, आजोबांच्याही आधीची. तेल कुठलं ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मेहुण्यांनी पहिली वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, पाचवी खाल्ली. डोळे मिटून घेतले. एवढ्या दिवसांत कुणी माझ्या शेताला असा मान दिला नव्हता.

"शब्द पाळलात," ते म्हणाले. "चिंच घरची, अळू घरचं, तांदूळ घरचा. पण हे बेसन? आणि तो गूळ? तेसुद्धा घरचंच?"

मी भातात मान घातली. उद्या सकाळी पिंप भरायची पाळी होती, आणि फडताळातले दोन्ही डबे झाकणं उघडी टाकून रिकामे पडलेले मला बसल्या जागेवरून दिसत होते.

"घरचंच," बायको म्हणाली, आणि त्यांना सहावी वडी वाढली. "जिवाणूंच्या वाटचं."