दोन कोटी मतं कुठेही गेलेली नाहीत

रविवारी सकाळी आत्याचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. "अरे, आपल्या सूनबाईचं मत तिकडे खोटं धरलं का रे?"

सूनबाई कॅलिफोर्नियात असते. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या २०२४च्या निवडणुकीत तिने टपालाने मत दिलं. आत्याच्या भिशीच्या ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड पुन्हा आला होता: २०२०ला डेमोक्रॅट पक्षाच्या बायडनना आठ कोटींवर मतं, मग २०२४ला त्याच पक्षाच्या कमला हॅरिसची दोन कोटी गायब कशी? म्हणजे २०२०ची ती टपालातली बोगस मतं होती. शिवाय हॅरिस जिंकल्या त्या राज्यांत म्हणे ओळखपत्र लागतच नाही.

दोन कोटींचा हिशेब ६ नोव्हेंबर २०२४चा, मोजणी अर्धवट असतानाचा. कॅलिफोर्नियात तेव्हा टपाली मतांची लाखो पाकिटं उघडायची बाकी होती. मोजणी संपली तेव्हा हॅरिसना साडेसात कोटी मतं होती. बायडनना होती ८ कोटी १३ लाख. ट्रम्प ७ कोटी ४२ लाखांवरून ७ कोटी ७३ लाखांवर गेले. काही मतदार फिरले, काही घरी बसले. हाच आकडा घेऊन डेमोक्रॅट समर्थकही "ट्रम्पनी मतं चोरली" म्हणत होते, हे फॉरवर्ड टाकणाऱ्यांना माहीत तरी आहे का?

मला खरा राग आहे तो "बोगस" या शब्दाचा. ते पाकीट मी व्हिडिओ कॉलवर पाहिलंय. बाहेरच्या बाजूला बारकोड, खाली सहीची जागा. ही सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडून बघतात. सूनबाई सही मराठीत करते. त्या दिवशी लेकीला कडेवर घेऊन घाईघाईत केली, वेलांटी भलतीकडे गेली. आठवड्याभरात तिला पत्र: सही जुळत नाही, सोबतच्या फॉर्मवर पुन्हा करून पाठवा. तिने पाठवली, मग मत मोजल्याचा मेसेज आला. एका वेलांटीवरून अडवतात तिथे, आणि हे म्हणतात दोन कोटी बोगस मतं अशीच आत गेली!

ओळखपत्राचं अर्धं खरं आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कमध्ये केंद्रावर ते सहसा मागत नाहीत. पण न्यू हॅम्पशायर आणि ऱ्होड आयलंडला फोटो ओळखपत्र मागतात, तिथे हॅरिस जिंकल्या. नेवाडात सहसा मागत नव्हते, तिथे ट्रम्प जिंकले. आणि हो, कॅलिफोर्नियाची मोजणी फार रेंगाळते, हेही मान्य. तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या १३व्या मतदारसंघाचा निकाल ३ डिसेंबरला लागला, १८७ मतांनी. एवढा वेळ लागला की लोकांच्या मनात पाल चुकचुकणारच.

पण संशय नेमका कुणाला येतो, हे प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीत दिसतं. देशभरात निवडणूक नीट पार पडली असं २०२०ला ट्रम्पच्या मतदारांपैकी २१ टक्के म्हणाले. २०२४ला ९३ टक्के. टपालाने मतदान दोन्ही वेळा झालं. मधे बदलला तो निकाल: २०२०ला ट्रम्प हरले, २०२४ला जिंकले.

मत मोजल्याच्या त्या मेसेजचा फोटो मी आत्याला पाठवलाय. भिशीतल्या आणखी दोघींची मुलं तिकडे टपालानेच मत देतात. तो फॉरवर्ड ग्रुपवरून आजच काढा.