'ज्याने होल्डर धरला नाही...' या प्रतिक्रियेला उत्तर

धातुमळीपासून (धातू वितळवताना वर साचणाऱ्या थरापासून) वेल्डिंग फ्लक्स, म्हणजे वितळता सांधा हवेपासून झाकणारी दाणेदार पूड, बनवण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "भट्टीचा कचरा सांध्यावर ओतायचा सल्ला तोच देतो, ज्याने आयुष्यात होल्डर धरला नाही. गंधक-फॉस्फरसचं काय? प्रत्येक लॉटची मळी वेगळी, त्याचं काय?"

मतभेद असू द्या, पण ही भाषा कशासाठी?

होल्डर, म्हणजे वेल्डिंगची कांडी धरायचा चिमटा, मी नऊ वर्षं धरला आहे. त्यातली चार वर्षं सब-आर्कवर (फ्लक्सच्या थराखाली तार वितळवून सांधा भरायची पद्धत), बहुतेक रात्रपाळीत. किलोभर तार वितळली की साधारण तेवढाच फ्लक्स वितळून मळी होतो. बीडवरून, म्हणजे वेल्डच्या पट्टीवरून, तिची काचेसारखी पापडी सुटायची, ती मी फावड्याने ढिगावर टाकत होतो. तो ढीग वाढताना पाहूनच हा विषय माझ्या डोक्यात शिरला, पुस्तकातून नव्हे. पुढे ती मळी स्वतः दळली, चुंबकाने लोखंडाचे कण काढले, चाळली, कमी पडलेलं फेरोमँगनीज (लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू) घातलं, सोडियम सिलिकेटच्या चिकट द्रावात दाणे वळून भाजले. पहिल्या बॅचच्या बीडला छिद्रं पडली, कारण दाण्यांत ओल राहिली होती. ते सांधे मीच ग्राइंड करून पुन्हा भरले. आता सांगा, होल्डर कोणी धरला नाही?

आणि 'कचरा' म्हणजे काय हो? सिलिकोमँगनीज हा मिश्रधातू बनवणाऱ्या भट्टीच्या मळीत सिलिका, चुना, अ‍ॅल्युमिना, मॅग्नेशिया आणि उरलेला मँगनीज ऑक्साइड असतो. नव्या फ्लक्ससाठी हीच ऑक्साइडं आपण खनिजांच्या रूपात विकत आणतो. वेल्डिंगची मळी दळून केलेल्या फ्लक्सला तर अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या (एडब्ल्यूएस) ए5.17 मानकात 'एस' हे वेगळं अक्षरच आहे. मानक लिहिणाऱ्यांनीही होल्डर धरला नसेल, असं म्हणायचं आहे का तुम्हाला?

एक मान्य करतो. वापरण्याआधी फ्लक्स 300 ते 350 अंश सेल्सिअसला सुकवून घ्यावा, हे लेखात राहून गेलं होतं. आज घातलं आहे.

सांध्याला तडे पाडणारं गंधक-फॉस्फरस म्हणाल तर लॉटची रासायनिक तपासणी करा, जास्त निघालं तर तो लॉट वापरू नका. लॉट वेगळे निघतात, तशी खनिजंही वेगळी निघतातच. यावर आणखी काय लिहायचं!

तुमच्याकडे फाटलेल्या सांध्याचा एखादा तपासणी अहवाल असेल तर जरूर पाठवा, मी तो ओळन् ओळ वाचीन. पण माझ्या हातांबद्दल पुन्हा बोलू नका. त्यांवर ठिणग्यांचे डाग अजून आहेत.