या वयाला आपण गोष्ट देत नाही, सल्ला देतो

यंग अ‍ॅडल्ट (थोडक्यात वायए), म्हणजे किशोरवयातल्या वाचकांसाठीची पुस्तकं वाचणाऱ्या पोरांना नावं ठेवण्याचा कार्यक्रम आमच्या वाचक मंडळींत सध्या जोरात आहे. 'हल्लीची मुलं मराठी वाचत नाहीत' इथून सुरुवात होते आणि 'त्या इंग्रजी पुस्तकांत असतं तरी काय, ड्रॅगन आणि प्रेमप्रकरणं' इथे समेवर येतात. मी चाळिशी ओलांडलेली बाई. ही पुस्तकं आवडीने वाचते. त्यातली निम्मी टाकाऊ असतात हेही मला ठाऊक आहे. तरी माझं म्हणणं असं की पोरं तिकडे गेली यात पोरांचा काही दोष नाही. चौदा-पंधरा ते चोवीस-पंचवीस या वयाला मराठीत गोष्ट मिळत नाही. सल्ला मिळतो.

पटत नसेल तर अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारून या. लहान मुलांची पुस्तकं आहेत, चांगली आहेत, चित्रं पूर्वीपेक्षा कितीतरी देखणी झाली आहेत. मोठ्यांच्या कादंबऱ्या आहेत. मधल्या वयासाठी काय आहे? दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे, अधिकारी झालेल्यांच्या यशोगाथा, आणि श्रीमंत कसं व्हावं, सवयी कशा लावाव्यात, मन कसं जिंकावं यांचे अनुवाद. म्हणजे ज्या वयात माणूस सगळ्यात जास्त गोंधळलेला असतो त्या वयात आपण त्याच्या हातात वेळापत्रक देतो.

ही पुस्तकं म्हणजे बाजाराने काढलेलं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने तरुण वाचकांसाठीचा स्वतंत्र विभाग १९५७ सालीच काढला होता. पण प्रकाराला खरं तोंड फुटलं ते १९६७ मध्ये, 'द आउटसायडर्स'मुळे. लेखिका एस. ई. हिंटन. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातली मुलगी, लिहायला लागली तेव्हा शाळेत होती. नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं आली, कारण मुलांच्या टोळ्यांवरची कादंबरी एका मुलीने लिहिलीय म्हटल्यावर पुरुष समीक्षक तिला गांभीर्याने घेणार नाहीत अशी प्रकाशकांना धास्ती होती. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते लेखिकेचं वय. आपल्या आसपासच्या पोरांबद्दल तिला जे वाचायचं होतं ते कोणी लिहीत नव्हतं, म्हणून तिने लिहिलं.

त्याच्या पुढचा, अठरा ते पंचवीसच्या वयाचा प्रकार म्हणजे न्यू अ‍ॅडल्ट. त्याची जन्मकथा जास्त व्यापारी आहे. सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनसंस्थेने २००९ मध्ये एक स्पर्धा घेतली. यंग अ‍ॅडल्टसारखंच, पण वयाने थोड्या पुढच्या मुलांचं लिखाण पाठवा, म्हणाले. नाव तेव्हापासूनचं. पण प्रकाशकांनी नाव काढलं तरी भांडवल घातलं नाही. २०१२ च्या आसपास पोरींनी स्वतःच ई-बुकं काढली, ती तुफान खपली, आणि मग प्रकाशक करार घेऊन मागे धावले. म्हणजे आधी वाचक आला आणि मग दुकानात त्याच्यासाठी वेगळी फळी झाली. आपल्याकडे 'वाचक कुठे आहे?' असं विचारून प्रकाशक गप्प बसतात, त्यांच्यासाठी हा तपशील मुद्दाम.

आता मराठीची बाजू. 'आपल्याकडे हे सगळं होतंच की' असं म्हणणारे काका लगेच यादी काढतात. 'श्यामची आई', लंपनच्या गोष्टी, 'शाळा'. तिन्ही मला प्रिय आहेत. लंपनसाठी तर मी कोणाशीही भांडेन. ही पुस्तकं मी माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला दिली. तिने इमानदारीत वाचली आणि म्हणाली, "मावशी, छान आहेत गं. पण ही सगळी मोठी माणसं आठवतायत ना?"

मी त्यावर बराच विचार केला आणि माझ्या मते ती बरोबर आहे. श्याम तर उघडच मोठा झालेला माणूस आहे, आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्री आपलं लहानपण सांगतोय. लंपनच्या गोष्टींचा पहिला संग्रह, प्रकाश नारायण संतांचा 'वनवास', पुस्तकरूपाने १९९४ साली आला, आणि त्यातलं जग लेखकाच्या स्वतःच्या लहानपणाचं, बेळगावकडचं. 'शाळा' मात्र नववीतल्या मुलाच्याच तोंडून येते, पण पुस्तक २००४ चं आणि काळ आणीबाणीचा. ते आलं तेव्हा जो मुलगा खरोखर नववीत होता त्याचा जन्मही त्या काळात झालेला नव्हता. त्या पुस्तकावर जीव टाकणारे कोण होते ते आठवा. आपणच, ज्यांना आपली नववी आठवून गलबलून आलं. किशोरवयाबद्दलची पुस्तकं मराठीत आहेत आणि काही थोर आहेत. पण ती वयातून बाहेर पडलेल्याने बाहेर पडलेल्यांसाठी लिहिलेली आहेत. त्यातली हुरहुर आपली असते. पंधरा वर्षांच्या पोराला कसली आलीय हुरहुर? त्याला उद्या वर्गात त्या मुलीसमोर कसं जायचं याची पडलेली असते.

इंग्रजी वायएत नेमकं हे सापडतं. मागे वळून बघणारा शहाणा निवेदक तिथे नाही. मी दार उघडते, तो समोर उभा आहे, माझ्या पोटात खड्डा पडतो. सगळं वर्तमानकाळात, प्रथमपुरुषी. कादंबरीभर हे वाचून मला दम लागतो हे मान्य. पण त्या वयाला पुढचं काही दिसत नसतं, आणि हे लिखाणही पुढचं काही दिसत नसल्यासारखंच चालतं. मला ती त्याची ताकद वाटते. आणि ती ताकद फक्त पोरांना खेचते असंही नाही. २०१२ साली बाउकर कंपनीने अमेरिकेत पाहणी केली तर वायए विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठराच्या पुढचे निघाले. मी एकटी नाही, एवढंच समाधान.

माझी तक्रार दुसरी आहे. या पुस्तकांत आईबापांचा निकाल पहिल्या प्रकरणातच लावतात. मेलेले, नाहीतर विभक्त, नाहीतर कामात इतके बुडालेले की पोरगी राज्य उलथवून आली तरी पत्ता नाही. लेखकाची सोय होते, नायिका मोकळी सुटते. हे पुण्यात करून दाखवा! कोथरूडच्या टू बीएचकेत आजी हॉलमध्ये झोपते, बाबांचं वर्क फ्रॉम होम आतल्या खोलीत चालू, आणि आई क्लास सुटल्यापासून सातव्या मिनिटाला 'कुठे आहेस' म्हणून फोन करणार. इथे मुलीला घरात एकटं रडायलासुद्धा जागा नसते, बाथरूमचा नळ सोडावा लागतो. दोघांना नुसतं बोलायचं असेल तर झेड ब्रिज, तळजाई, वेताळ टेकडी, आणि टेकडीवरही सोसायटीतले जोशीकाका भेटणार. मी तर म्हणते की मराठी वायए लिहिणाऱ्याला कथानक शोधायची गरजच नाही. एकांत मिळवणं हेच कथानक. आणि इथले आईबाप खलनायक नसतात, त्यामुळे गोष्ट जास्त अवघड आणि जास्त चांगली होईल. ज्या आईवर चिडायचं तीच रात्री साडेअकराला दूध घेऊन अभ्यासाच्या टेबलापाशी उभी असते.

न्यू अ‍ॅडल्टच्या बाबतीत माझा राग मोठा आहे. अठरा ते पंचवीस! घर सुटतं, पहिला पगार होतो, मैत्र्या तुटतात, आपण हुशार नव्हतो हे कळतं. एवढा ऐवज हाताशी असून इंग्रजीत त्याचं काय केलं, तर आइस हॉकीचा कप्तान, गर्भश्रीमंत बॉस आणि पंखवाले राजपुत्र. फळीवरचं नाव न्यू अ‍ॅडल्ट, आतला माल प्रणयकथा. प्रणयकथेशी माझं वाकडं नाही. फक्त नायिकेला कधीतरी नोकरीवर गेलेलं, भाडं थकलेलं दाखवा ना.

पुणं तर या वयावरच चालतं. सदाशिव पेठेत, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणारी पोरं, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, मेसची सुट्टी असली की रविवार रात्रीचा वडापाव, तिसरा अटेम्प्ट, गावाकडे सांगितलेलं खोटं. तिकडे हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत कामाची वाट बघत बेंचवर बसलेली पोरं. यावर यशोगाथा ढिगाने आहेत. जे अधिकारी झाले नाहीत, आणि बहुतेक होत नाहीत, त्यांच्या गोष्टी त्या मानाने शोधाव्या लागतात.

गंमत म्हणजे मराठीने हे काम नाव न देता आधीच करून ठेवलं होतं. 'कोसला' १९६३ ची, पुण्यातच देशमुख आणि कंपनीने काढलेली. नायक पांडुरंग सांगवीकर सुरुवातीलाच आपलं वय पंचवीस सांगतो. खानदेशातून पुण्याला शिकायला येणं, होस्टेल, मेस, गॅदरिंग, पैशांचा घोळ, वडिलांशी बिनसणं, आणि शेवटी गाव. लिहिणारे नेमाडेही तेव्हा पंचविशीतलेच. इथे आठवणारा मोठा माणूस नाही, जखम ओली आहे. मग आपण तिला अभ्यासक्रमात घातलं, तिच्यावर प्रबंध लिहिले, आणि एकोणीस वर्षांची मुलं तिला घाबरायला लागली.

'दुनियादारी'चं उलटं झालं. सुहास शिरवळकरांनी १९८२ साली एसपी कॉलेजच्या कट्ट्यावरची कादंबरी लिहिली, पोरांनी लायब्ररीतल्या प्रती फाटेपर्यंत वाचली, आणि जाणकारांनी 'लोकप्रिय' असा शिक्का मारून बाजूला ठेवली. २०१३ मध्ये सिनेमा आला तेव्हा काहींना पहिल्यांदा कळलं की असं पुस्तक आहे. आज ड्रॅगनवाल्या पुस्तकांना हसणारे आणि तेव्हा शिरवळकरांना हसणारे, घराणं एकच.

आणि सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू', २००६ ची. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, भाऊ आणि बहीण, दोघंही घरात राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात. आईवडील घरातच, काहीही न दिसणारे. मी वर म्हटलं ते एकांताचं कथानक इथे आहे. पुढे सिनेमा निघाला तेव्हा पुणं जाऊन तिथे कोची आलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणजे तीन कादंबऱ्या, त्याही त्रेचाळीस वर्षांत पसरलेल्या. आणखी काही असतील, आहेतही, पण फळी होत नाही. साहित्य अकादमीने २०१० पासून बाल साहित्य पुरस्कार दिला, २०११ पासून युवा पुरस्कार. बाल पुरस्कारात वाचकाचं वय मोजतात. युवा पुरस्कारात लेखकाचं, पस्तिशीच्या आतलं. मधला वाचक कोणाच्याच मोजणीत नाही. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून शाळकरी मुलांसाठी निघतंय, त्याचा मला अभिमान आहे. पण फास्टर फेणेनंतर थेट पांडुरंग सांगवीकर, ही उडी फुरसुंगीच्या बन्यालाही जमली नसती.

'त्या' प्रसंगांबद्दल बोलायचंच तर बोलू. न्यू अ‍ॅडल्टमध्ये मोठ्यांसाठीची वर्णनं असतात, आणि मुखपृष्ठावर गोड कार्टून. सारा जे. मासच्या राजदरबारी परीकथांची मालिका २०१५ मध्ये वायए म्हणून आली आणि २०२० मध्ये नवी मुखपृष्ठं लावून मोठ्यांच्या विभागात गेली. पाच वर्षं ती कोणाच्या हातात होती? रस्त्यावरच्या चोरट्या छपाईच्या ढिगात तर बारा वर्षांची मुलगीही तीच उचलते, कोणी काही सांगत नाही. मुखपृष्ठावर वय ठळक छापा, एवढं साधं आहे. बंदीच्या मी विरोधात आहे. माझी बहीण लेकीचं पुस्तक काढून घ्यायला निघाली तेव्हा तिला म्हटलं, ताई, आधी वीस पानं तू वाच. वाचली. तिला खटकायला हवं होतं ते वेगळंच: नायक नायिकेचा फोन तपासतो, तिने कोणाशी बोलायचं ते ठरवतो, आणि लेखिका त्याला प्रेम म्हणते. माझा खरा आक्षेप तिथे आहे. त्यावर मग मायलेकींचं तासभर भांडण झालं, आणि ते चांगलं झालं.

राहिला प्रश्न मराठीत कोण लिहिणार. लिहितायत. प्रतिलिपी या गोष्टींच्या अ‍ॅपवर जाऊन बघा. रोज नवे भाग टाकणाऱ्या मुली आहेत, शुद्धलेखनाची ऐशीतैशी, कराराची लग्नं, गर्विष्ठ उद्योगपती, सगळा कचरा आहे. पण अधूनमधून असं काही सापडतं की मी चष्मा सारखा करते. २०१२ मध्ये तिकडे जे झालं तेच इथे फोनवर चालू आहे, फक्त करार घेऊन मागे धावणारं कोणी नाही. पुण्यातल्या एखाद्या संपादकाने महिनाभर कळ काढून ते वाचावं, चार मुली निवडाव्यात आणि त्यांच्याबरोबर बसून त्यांचं लिखाण तासावं.

मी सध्या एक मालिका वाचतेय. कॉट बेसिसवर राहणाऱ्या दोघी, एकीची परीक्षा तोंडावर, दुसरीने अभ्यास सोडून कॉल सेंटर धरलंय आणि घरी सांगितलेलं नाही. कालच्या भागात वडील न कळवता स्वारगेटला उतरलेत. पुढचा भाग शुक्रवारी.