'उपग्रहाला उंदीर दिसत नाही' या आक्षेपास उत्तर

रोगवाहक प्राण्यांच्या अधिवासांचे नकाशे कसे तयार होतात, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : "उपग्रहाला उंदीर दिसत नाही. खुर्चीत बसून रंग भरणाऱ्यांनी लोकांना घाबरवू नये. शिवाय नोंदी जुन्या आहेत आणि अचूकता कोठेच दिलेली नाही."

मतभेदाचे स्वागतच आहे. परंतु 'खुर्चीत बसून रंग भरणारे' हे शब्द मला लागले. ज्या नकाशावर आपण एका ओळीत पाणी फिरवलेत, त्यामागे अकरा वर्षांची पायपीट आहे. गोचिडी मोजण्यासाठी पांढऱ्या फ्लॅनेलचे कापड गवतावरून ओढत न्यायचे, दर काही पावलांवर ते उलटायचे आणि खसखशीएवढी पिल्ले चिमट्याने वेचून अल्कोहोलच्या कुपीत टाकायची, हे खुर्चीत बसून होत नाही. उंदरांचे सापळे संध्याकाळी लावून ऊन चढण्याआधी तपासावे लागतात, नाहीतर अडकलेला जीव आत तडफडून मरतो. प्रत्येक सापळ्याचे अक्षांश-रेखांश मी स्वतः टिपले आहेत. आपण आधी विचारले असते, तर सांगितले असते.

उपग्रहाला उंदीर दिसतो, असे मी कोठेही म्हटलेले नाही. त्याला दिसते ती उंदराची जागा. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश परत फेकते, या फरकावरून लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमेतील ३० मीटरच्या चौकोनात झाडोरा किती दाट आहे ते कळते. त्यावर उंची, उतार आणि पाणवठे यांचे थर चढवून सापळ्यांतील नोंदींशी ताडून पाहायचे असते. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैऋत्य भागात उंदरांपासून माणसांना लागणाऱ्या हंताविषाणूची साथ आली. तो विषाणू डिअर माऊस या उंदरात होता. आधी झालेल्या एल निनोच्या पावसाने रान फोफावले, खाणे वाढले आणि उंदीरही वाढले. पुढे संशोधकांनी साथीच्या आदल्या वर्षीच्या लँडसॅट प्रतिमा तपासल्या, तेव्हा अधिक धोक्याच्या जागा त्यांतून वेगळ्या काढता आल्या. त्या प्रतिमांत उंदीर एकही नव्हता.

एक गोष्ट मान्य करतो. नकाशाच्या सूचीत मी 'धोका' लिहिले, तेथे 'अधिवासाची अनुकूलता' हवे होते, कारण उंदीर राहू शकतो म्हणजे तेथे विषाणू आहेच असे नाही. तो शब्द आज बदलला आहे. जुन्या नोंदींचे म्हणाल, तर डोंगर आणि ओढे तीन वर्षांत जागा बदलत नाहीत. आणि अचूकतेचे आकडे मी सामान्य वाचकासाठी मुद्दामच वगळले होते.

माझा नकाशा जेथे उंदीर दाखवतो, तेथे आपला सापळा रिकामा निघाला असेल, तर ती नोंद मला हवीच आहे. मात्र ती अक्षांश-रेखांशांसह पाठवावी.