उंची मोजून झाली असेल, तर वाघर बघा

आफ्रिकेतल्या जंगलांत राहणाऱ्या, बुटक्या बांध्याच्या 'पिग्मी' लोकांवरची कुठलीही पोस्ट उघडा, सुरुवात उंचीने. शब्दाचं मूळच माप आहे म्हणा: ग्रीक 'पिग्मे' म्हणजे कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर, आपला मुंडा हात. पण उंचीचीही गोष्ट एक नाही. काँगोतल्या एफे या पिग्मी समाजाची बाळं जन्मतःच लहान असतात. कॅमेरूनमधल्या बाका समाजाची बाळं चारचौघांसारखीच जन्मतात आणि पहिल्या दोन वर्षांत त्यांची वाढ मंदावते. असो.

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या ईशान्येला, इतुरीच्या जंगलात बघावी ती म्बुती या पिग्मी समाजाची वाघर, म्हणजे जाळं. (धनगर मेंढरं कोंडायला लावतात ती नव्हे, शिकारीची.) कुसा नावाच्या वेलीची साल सोलायची, वाख काढायचा, मांडीवर वळून दोरी करायची आणि जाळं विणायचं. उंची मीटर-सव्वा मीटर, लांबी ३० मीटरपासून कधी १०० पर्यंत. एकट्या कुटुंबाला त्याचा काडीचा उपयोग नाही. सात-आठ, कधी तीसेक जाळी एकाला एक जोडून रानात अर्धगोल धरायचा. जाळी कमी पडली तर जनावर टोकाकडून निसटतं. फार झाली तर शिकार तेवढीच, तोंडं मात्र जास्त.

जाळं झुडपांच्या फांद्यांना अडकवतात आणि खालची कड जमिनीला टेकलीय ना, हे हाताने चाचपत जातात. सगळी मेख तिथेच. निळा डुइकर म्हणजे हरणासारखं, चार-पाच किलोचं, साधारण आपल्या पिसोऱ्याच्या अंगाचं जनावर. वीतभर फट मिळाली की पसार. मग समोरून बायका-पोरं हाका उठवतात आणि पुरुष जाळ्याशी दबा धरतात. जनावर गुंतलंय, आता कुठे जातंय, असं म्हणत थांबलात तर गेलं; झडप घालून पायच धरावे लागतात. दिवसभरात हे बऱ्याचदा, दर वेळी नव्या जागी. शिकार ज्याच्या जाळ्यात, त्याची. मात्र धरायला धावलेल्याचा वाटा ठरलेला, आणि मुक्कामी पोचल्यावर पुन्हा वाटप.

'पुरुष शिकार करतो, बाई कंदमुळं गोळा करते' हे पाठ्यपुस्तकातलं चित्र इथे फाटतं. हाका नाही तर वाघर म्हणजे नुसती टांगलेली दोरी. त्याच जंगलातले एफे मात्र तिरकमठ्यावर भिस्त ठेवतात. त्यांचे कुत्रे फारसे भुंकत नाहीत, म्हणून गळ्यात लाकडी खुळखुळा.

हे लोक जगापासून तुटलेले, ही आणखी एक लोणकढी. म्बुती शेजारच्या बिला शेतकऱ्यांची भाषा बोलतात, एफे लेसे लोकांची. मांस, मध आणि शेतावरची मजुरी द्यायची, केळी, कसावा आणि लोखंड घ्यायचं, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा.

बिघडलं ते गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, मांसाचे व्यापारी थेट मुक्कामावर येऊ लागल्यावर. व्यापारी कसाव्याचं पीठ आणि तांदूळ घेऊन बसतो, बदल्यात डुइकरची तंगडी. पिठाची उधारी झाली की शिकार पोटापुरती राहत नाही. जवळचं रान रितं होतं, मग वाघर आणखी आत न्यावी लागते.

२०२२ मध्ये काँगोने या समाजांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदा केला. कायद्याच्या नावात शब्द तोच आहे, पिग्मी.