वासाचे सहाशे रँड

सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या घराची अनामत म्हणून भरलेल्या दोन हजार रँडपैकी चौदाशे रँड काल बँकेत परत जमा झाले. सहाशे रँड कापले होते आणि कपातीच्या कारणापुढे ‘वास’ एवढाच शब्द लिहिलेला होता. फुटलेली बशी, हरवलेला चमचा किंवा मुलांनी गादीवर सांडलेले सरबत यांचे पैसे मी निमूटपणे भरले असते. पण वासाचे पैसे द्यावे लागतील, असे नोकरीसाठी जोहान्सबर्गला येताना मला कोणीच सांगितले नव्हते.

जोहान्सबर्गहून उत्तरेकडे अडीच-तीन तास गाडी हाकली की लिम्पोपो प्रांतातला वॉटरबर्गचा डोंगराळ मुलूख लागतो. तिथे मलेरिया नसल्यामुळे मुलेबाळे असलेली कुटुंबे क्रूगर राष्ट्रीय उद्यानापेक्षा इकडे येणे पसंत करतात. तिथल्या एका खाजगी अभयारण्यातले एकाकी फार्महाउस आम्ही भाड्याने घेतले होते. आम्ही म्हणजे माझे कुटुंब, पुण्याहून आलेल्या सासूबाई आणि प्रिटोरियाचे साडूभाऊ सहकुटुंब. गवताने शाकारलेले छप्पर, सरपण जाळून पाणी तापवणारा बंब, सभोवती विजेचे कुंपण आणि मोबाइलला रेंज नाही, असा सगळा थाट होता. गुडघे टेकून गवत खाणारी रानडुकरे पाहून सासूबाईंनी त्यांना नमस्कार केला. प्राण्यांविषयी माझी काहीही तक्रार नाही. या देशात १९९१ साली झालेल्या कायद्यानुसार, रीतसर कुंपण घातलेल्या जमिनीवरचा प्राणी कुंपण ओलांडून पळाला तरी त्याच्यावरची मालकी सुटत नाही. म्हणजे तिथल्या प्रत्येक इंपाला हरणाला धनी असतो. वासाचा धनी मात्र पाहुणा असतो, हे निघण्याच्या दिवशी समजले.

त्या दिवशी सकाळी व्यवस्थापक तपासणीला आले. साठीचे, खाकी अर्धी चड्डी घातलेले, अनवाणी, काखेत नोंदवही आणि मागे नुकताच पाणवठ्यात डुंबून आलेला कुत्रा. इथल्या आफ्रिकान्स रिवाजाप्रमाणे मुले त्यांना ‘ऊम’, म्हणजे काका, म्हणत होती, म्हणून मीही म्हणू लागलो. ऊमनी चमचे मोजले, चिमटे मोजले, शेगडीची जाळी उलटीपालटी करून पाहिली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन ते एकाएकी थांबले. त्यांनी मान वर केली, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला.

“इथे काहीतरी आहे,” ते म्हणाले.

मी म्हणालो, “डाळ केली होती.”

“डाळीला वास नसतो.”

“तिला लसणाची फोडणी दिली होती.”

“लसूण आम्हीही खातो. हा लसूण नव्हे.”

एवढे बोलून त्यांनी पडद्याचे टोक नाकाशी धरले, मग दुसऱ्या पडद्याचे, आणि नंतर दिवाणखान्यात जाऊन सोफ्याच्या उशा एकेक उचलून हुंगायला सुरुवात केली. (याच वॉटरबर्ग जिल्ह्यात राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांचे फाला फाला नावाचे खाजगी गेम फार्म, म्हणजे वन्यप्राणी पाळण्याचे शेत, आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या सोफ्यात ठेवलेले ५ लाख ८० हजार डॉलर चोरीला गेले आणि ते प्रकरण दोन वर्षांनी बाहेर आले. ते पैसे रानम्हशी विकून आले होते, असे त्यांचे म्हणणे आहे. तेव्हा या भागात सोफ्याच्या उशा उचलून पाहण्याला काही अर्थ आहे, हे मी मान्य करतो. परंतु आमच्या उशीखाली फक्त भाच्याचा एक मोजा निघाला.)

शेवटी सासूबाईंनीच पिशवीतून हिंगाची डबी काढून त्यांच्यासमोर धरली. ऊमनी झाकण उघडून नाक आत घातले. कुत्रा दोनदा शिंकला आणि बाहेर निघून गेला. मला वाटले, आता दंड दुप्पट होणार; पण ऊमच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळेच भाव उमटले. लहानपणी पोट दुखले की त्यांची आजी औषधाच्या दुकानातून आणलेले याचेच थेंब साखरेवर घालून देत असे, ते त्यांना आठवले. डोळे पुसत त्यांनी ती डबी पुन्हा हुंगली. आजी कशी होती, तिचे शेत कुठे होते, १९६० च्या दशकातल्या दुष्काळात तिने गुरे कशी जगवली, हे सगळे त्यांनी उभ्या उभ्या सांगितले. सासूबाईंना इंग्रजी फारसे येत नसूनही त्या प्रत्येक वाक्याला “बरोबर आहे” म्हणत होत्या. दोघांचे इतके जमले की निम्मा हिंग कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्या हाती गेला. पुडी खिशात घालून ऊमनी नोंदवही उघडली आणि शांतपणे लिहिले : पडदे धुणे, वास, सहाशे.

मी चकित होऊन म्हणालो, “ऊम, हा तर तुमच्या आजीचा वास!”

“आजी पडद्यांना देत नसे,” ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी दिलासा दिला, “मला भारतीय जेवण फार आवडते. डर्बनला गेलो की मी तेच खातो.”

डर्बनला. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी भारतीय मजुरांना घेऊन मद्रासहून निघालेले ‘ट्रूरो’ जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी ज्या बंदराला लागले, तिथे. तेव्हापासून हा देश आमचा मसाला खात आला आहे, पावाचा गर काढून त्यात रस्सा भरून विकत आला आहे, आणि तरीही तो मसाला पडद्याला लागला की धुलाईचा विषय होतो. ज्या खोलीत हा निवाडा झाला त्या खोलीच्या भिंतीवर पेंढा भरलेले कुडू हरणाचे मुंडके होते, जमिनीवर झेब्र्याचे कातडे होते, कोपऱ्यातल्या टोपलीला कुत्र्याचा आणि कपाटाला कुठल्याशा जुन्या तंबाखूचा वास होता. बाहेरच्या ओट्यावर साडूभाऊंनी मध्यरात्रीपर्यंत ‘ब्राय’, म्हणजे इथली निखाऱ्यांची शेगडी, पेटवून बूरवॉर्स नावाचे मांसाचे सॉसेज भाजले होते आणि त्याची चरबी निखाऱ्यांवर ठिबकून उठलेला धूर खिडक्यांतून आत येऊन याच पडद्यांत शिरला होता. पण धुराची गणना त्या घरात वातावरणात होते आणि फोडणीची नुकसानीत. सुकट भाजण्याची अनावर इच्छा आम्ही घरमालकाचा विचार करून दाबली होती, हेही कोणी लक्षात घेतले नाही. घेतले नाही ते घेतले नाही. आता मी भाजणार आहे, आणि तेही माझ्या स्वतःच्या घरात, खिडक्या उघड्या ठेवून.

राहता राहिला सहाशे रँडचा प्रश्न. निम्मे साडूभाऊंनी द्यावेत अशी माझी रास्त अपेक्षा होती, कारण आमटीच्या वाट्यांवर वाट्या त्यांनीच रिचवल्या होत्या. त्यांनी काल रात्री सविस्तर निरोप पाठवला आहे. ते स्वतः संपूर्ण मुक्काम घराबाहेर शेगडीपाशीच होते, त्यामुळे आतल्या वासाशी त्यांचा संबंध येत नाही आणि दंड माझ्याकडेच राहावा. सरपणाचा खर्च मात्र दोन्ही कुटुंबांत समान वाटावा, कारण धूर सगळ्यांच्याच अंगाला लागला होता.